ह्युएन त्संगच्या स्मारकापाशी एक दिवस



आमची धाकटी सहावीत शिकते. चिनी प्रवासी ह्युएन त्संगची माहिती वाचून तिने विचारले, "बाबा, तो भारतात आला तेव्हा आपली माणसं कुठं होती?" आम्हाला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मनात घेऊनच आम्ही वस्तीतल्या मंडळींसोबत बुद्धगयेला गेलो. मंडळी एक दिवस विसाव्याला थांबली, तेव्हा आम्ही भाड्याची मोटारसायकल घेऊन एकटेच नालंद्याच्या रस्त्याला लागलो.

वजीरगंज, हिसुआ, राजगीर असा तो रस्ता. एका टपरीवर चहा पिताना शेजारच्या गृहस्थाने आधी नाव विचारले, मग गाव, मग "कौन जात?" आम्ही म्हणालो, "बौद्ध." "उसके पहले?" चहा अर्धा टाकून आम्ही उठलो.

नालंद्याच्या अवशेषांपासून थोड्या अंतरावर ह्युएन त्संग यांचे स्मारक आहे. १९५७ साली त्यांच्या अस्थींचा अंश भारताला मिळाला, त्यानंतर ते उभारले गेले. बादशहाची परवानगी नसताना हा भिक्खू देशाबाहेर पडला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून नालंद्यात आला, आचार्य शीलभद्रांजवळ शिकला. ६४५ साली मायदेशी परतला तेव्हा सोबत ६५७ ग्रंथ होते. आपल्या महाराष्ट्रातही ते येऊन गेले. इथे शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची त्यांची नोंद आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. खाटीक, कोळी, फाशी देणारे, सफाई करणारे यांची घरे नगराबाहेर असत. येता-जाता त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालावे लागे. अस्पृश्यतेचे मूळ शोधताना परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात चिनी प्रवाशांच्या नोंदी तपासल्या आहेत. पुतळ्यासमोर उभे असताना ते आठवले आणि घशात आवंढा आला.

परतताना आमची गाडी डाव्या बाजूनेच चालली होती. आता त्या बाजूने सगळेच जातात. टपरीवरचा तो गृहस्थही तिथूनच जात असेल.

घरी आल्यावर मुलीला सांगितले, "बेटा, आपली माणसं वेशीबाहेर होती. एका परक्या भिक्खूनं ते पाहिलं आणि लिहिलं, म्हणून आज कळतं." ती म्हणाली, "मग आपण का नाही लिहिलं?" आम्ही म्हणालो, "लिहू देत नव्हते. तू लिही."

बांधवांनो, बुद्धगयेला जाल तेव्हा एक दिवस नालंद्यासाठी राखून ठेवा. मुलांना सोबत न्या.