पितळखोरा : गौताळ्याच्या जंगलातला आपला ठेवा

सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत ठरलेली नावे पुढे येतात. वेरूळ, अजिंठा, कार्ले, कान्हेरी. ही ठिकाणे पाहावीतच. पण गर्दीपासून दूर, झाडीत, मुलाबाळांसह सबंध दिवस घालवावा अशी एक जागा वेरूळच्याच मुलुखात आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तिचे नावही ऐकलेले नाही. ती म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आणि त्या डोंगरातली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला कन्नड तालुका आणि जळगाव जिल्ह्यातला चाळीसगाव तालुका यांच्या सीमेवर हे अभयारण्य पसरले आहे. १९८६ साली ते जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, नीलगाय, रानडुक्कर, माकडे आणि नाना तऱ्हेचे पक्षी इथे आहेत. २०२१ साली तर दूर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत इथवर आला होता. शहरातल्या चाळीत आणि झोपडपट्टीत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी असे जंगल डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

लेण्यांकडे जाताना डोंगर चढायचा नसतो, पायऱ्यांनी दरीत उतरायचे असते. समोर ओढा, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि दोन्ही अंगांच्या कड्यांत कोरलेली लेणी. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली मानतात. म्हणजे ती सुमारे दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीची झाली. एका विहाराच्या जोत्यावर दगडी हत्तींची रांग आहे, दारावर द्वारपाल उभे आहेत. मुले हत्तींपाशी रेंगाळतात, त्यांना रेंगाळू द्यावे. चैत्यगृहातल्या खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रे दिसतात. ती कित्येक शतकांनंतर काढलेली आहेत. आरंभीच्या काळी बुद्धाची मूर्ती करीत नसत, स्तूपालाच वंदन करीत, हे मुलांना तिथेच समजावून सांगता येते.

आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले ते इथले शिलालेख. ही लेणी कोणा एका राजाने खोदवली नाहीत. पैठणच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातल्या मितदेवाने खांब दान दिला. मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिले आणि त्याच्या मुलीचेही नाव दगडावर आहे. इथे सापडलेली, डोक्यावर पात्र घेतलेली हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कारागिराचे नाव कोरले आहे : कान्हदास, धंद्याने सोनार. कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे टिकले. गिरणीत, कारखान्यात, बांधकामावर राबणाऱ्या आईबापांनी आपल्या लेकरांना हे नाव आवर्जून सांगावे.

या मुलुखाची दुसरीही एक आठवण आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला आले होते. त्याच प्रवासात ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून त्यांना शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन, यांचा हात कुठे पाण्याला लागू नये म्हणून! त्याच वाटेने आज आपण बायकामुलांसह मोकळेपणाने जातो. म्हणून आपली सहल ही नुसती चैन नव्हे. ती मिळवलेल्या हक्काची वहिवाट आहे.

आता थोडे सोयीविषयी. मुंबईकडून येणाऱ्यांना चाळीसगाव स्टेशन सोयीचे. तिथून घाट चढून कन्नडकडे यावे लागते. लेण्यांपर्यंत वाहन ठरवावे लागते, तेव्हा चार-पाच कुटुंबांनी वर्गणी काढून एक जीप केली तर कोणालाच जड जात नाही. पावसाळा ओसरल्यापासून थंडीपर्यंतचे दिवस उत्तम. ऐन पावसात ओढ्याच्या पाण्यात मुलांना सोडू नये. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी सावकाश उतरावे. जंगलात रात्री राहायचे तर वन खात्याची परवानगी घेऊन, ते सांगतील तिथेच राहावे. नाहीतर कन्नडला किंवा वेरूळला मुक्काम करावा. भाकरी, ठेचा, पिठले आणि पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. जंगलात चूल पेटवू नये. एका ठिणगीने वणवा लागतो. शिवाय आयाबहिणींना सहलीतही चुलीपाशी बसवायचे, हे कशासाठी?

एक कळकळीची विनंती. इथला दगड ठिसूळ आहे, पुष्कळ कोरीव काम ढासळून गेले आहे. उरलेल्या चित्रांजवळ मेणबत्त्या, अगरबत्त्या लावू नयेत. धुराने चित्रे काळवंडतात आणि कड्याला आग्या मोहोळ असेल तर ते उठते. हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हटले की वंदना पुरी झाली. भिंतीवर नावे कोरणाऱ्याला तिथल्या तिथे अडवावे. आपला कचरा पिशवीत भरून परत आणावा.

जिथे आपला समाज जात नाही, तिथल्या लेण्यांना भलतीच नावे चिकटतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक अजून पांडवलेणी म्हणतात. तेव्हा येत्या सुटीत मुलांना पितळखोऱ्याला घेऊन जा आणि कान्हदासाचे नाव त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

जय भीम!