मकाई गेट ते चिकलठाणा

औरंगाबादचे दरवाजे नावानेच दिशा सांगतात. दिल्लीच्या वाटेवर दिल्ली गेट, पैठणच्या वाटेवर पैठण गेट, आणि खाम नदीच्या पुलावर मक्केच्या दिशेला असलेला मक्का दरवाजा, ज्याला सगळे मकाई गेट म्हणतात. बावन्न दरवाजांचे शहर अशी ख्याती. आज उभे आहेत ते थोडेच. औरंगजेबाने 1682 च्या सुमारास तटबंदी बांधली ती शत्रूला अडवण्यासाठी. शहर म्हटले की पहारा आला, त्यात गैर काही नाही.

गंमत अशी की हे शहर वसवले तेच परक्या मुलुखातून आलेल्या माणसाने. मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला. त्याने 1610 मध्ये खडकी गावी राजधानी वसवली, भडकल दरवाजा उभारला, नहरीने पाणी आणले. पाणचक्कीला ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. नावातच मुसाफिर! त्या चक्कीचे पीठ वाटसरू आणि गोरगरिबांसाठी होते.

त्या काळी दख्खनचे हाजी सुरतेला जाऊन जहाजात बसत. आता जालना रोडने चिकलठाणा विमानतळ गाठायचा. हजच्या काही हंगामांत इथून थेट विमाने सुटली. 2023 मध्ये मात्र इथून जाणे मुंबईपेक्षा ऐंशी हजारांहून अधिक महाग पडत होते, म्हणून कित्येकांनी मुंबईच धरली.

विमानतळावरची आजची कडक तपासणी बरीचशी डिसेंबर 1999 च्या कंदाहार अपहरणानंतरची. 2000 पासून देशातले विमानतळ टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेले. घरातल्या मोठ्या बायकांना एवढे सांगून ठेवा: पानदानातला अडकित्ता आणि कात्री हातातल्या पिशवीत नको, मोठ्या सामानात टाका. झमझमचा कॅनही हातात नेता येत नाही. बायकांची झडती पडद्याआड महिला जवानच घेते. नकाब असेल तर चेहरा तिला दाखवता येतो. यंत्र पिशवी पाहते, आडनाव पाहत नाही. मला तरी ती रांग कधी अपमानाची वाटली नाही.

कारण भीती हवेतली नाही. मे 2006 मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या नावाने ओळखला गेलेला शस्त्रसाठा पकडला गेला, त्यात आरडीएक्स आणि एके-47 रायफली होत्या. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले आणि काहींची निर्दोष सुटका केली. ही सुटलेली माणसे इतकी वर्षे खटल्याखाली होती, हेही त्याच निकालात आहे.

पण खरा अडसर आता कागदाच्या दरवाजावर आहे. जानेवारी 2025 मध्ये उशिरा नोंदवलेल्या जन्म दाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. बांगलादेशी आणि रोहिंग्यांनी असे दाखले मिळवल्याचा आरोप होता. मालेगावपाठोपाठ सिल्लोडचेही नाव आले, आणि पुढे तहसील पातळीवर दिलेले असे अनेक दाखले रद्द झाले. चोरून सीमा ओलांडणारा आणि खोटा दाखला विकणारा दोघेही पकडले जावेत. पण घरी दाईच्या हातून जन्मलेल्या सिल्लोडच्या म्हातारीचा दाखला उशिराचाच असणार, दुसरा येणार कुठून? ती आणि घुसखोर एकाच गठ्ठ्यात बांधले गेले, तर तपास सोपा होतो, खरा होत नाही.

म्हणून थोडे कायद्याचे. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 दरम्यान भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे (परकीय राजदूतांची मुले वगळता). आईवडिलांचे कागद तिला लागत नाहीत, जन्म इथला हे दाखवावे लागते. त्यानंतर जन्मलेल्यांना आईवडिलांचेही पाहिले जाते. आधार कार्ड ओळखीसाठी आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही. शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, वडिलोपार्जित जमिनीचे खासरा पत्रक, जुनी मतदार यादी, हे आजच काढून ठेवा. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि राजभाषा उर्दू, त्यामुळे आजोबांचा कागद उर्दूत निघेल. फेकू नका, त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्या.

नावांचा घोळ तर आपल्याकडचाच. 'शेख' स्वतःच्या नावाआधीही येते आणि वडिलांच्या नावाआधीही; पासपोर्टचा अर्ज मात्र नाव आणि आडनाव असे दोनच रकाने देतो. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर नुसते मो. आईच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम. घरातल्या सगळ्यांचे एकच स्पेलिंग ठरवा आणि मुलांच्या शाळेतल्या नोंदीपासून तेच लावा. 2023 मध्ये शहराचे नावही बदलले. जुन्या दाखल्यावर औरंगाबाद आणि नव्या पासपोर्टवर छत्रपती संभाजीनगर असेल, तर नामांतराच्या अधिसूचनेची एक प्रत त्याच पिशवीत असू द्या.