अचाटाचे अजीर्ण

गोष्ट अचाट असावी की नसावी, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हनुमंताने द्रोणागिरी उचलून आणल्याची कथा ज्याने लहानपणी तोंडाचा आ करून ऐकली, त्याने एखाद्या विज्ञानकथेला 'हे जरा अतीच होते आहे' असे म्हणणे शोभत नाही. तरीही 'डॉक्टर हू' या विलायती मालिकेबद्दल मी हल्ली तेच म्हणत असतो आणि त्यावरून माझा पुतण्या माझ्याशी भांडत असतो. तेव्हा माझी बाजू एकदा नीट मांडलेली बरी.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बी. बी. सी.ने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट अवघी २७ वर्षांची; पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्माने लखनौचा. नायक म्हणजे परग्रहावरचा एक विक्षिप्त गृहस्थ. नाव विचारावे तर नुसते 'डॉक्टर'. लंडनच्या रस्त्यांवर पूर्वी पोलिसांच्या निळ्या पेट्या असत, तसली एक पेटी हे त्याचे वाहन. बाहेरून टेलिफोनच्या खोक्याएवढी, आत मात्र चौसोपी वाडा! तीत बसून तो कोणत्याही काळात आणि कोणत्याही ग्रहावर जातो. मालिका १९८९ साली बंद पडली आणि २००५ साली रसेल टी. डेव्हिस या लेखकाने ती पुन्हा उभी केली.

जुनी मालिका तरी कुठे संयमी होती म्हणा! तिच्यातले डालेक नावाचे महाखलनायक मिरपुडीच्या डबीला चाके लावल्यासारखे दिसत, आणि हाताच्या जागी त्यांना चक्क तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी दट्ट्या असे. पेटी उडते तेव्हाची ती घरघर घराची किल्ली पियानोच्या तारेवर घासून काढलेली. पैशाची एवढी ओढाताण, की विश्व बुडवायचे झाले तर ते बहुधा संवादातच बुडवावे लागे.

नव्या मालिकेत पैसा आला आणि विश्व पडद्यावर बुडू लागले. २००७ साली डॉक्टर जराजर्जर होऊन पिंजऱ्यात पडला होता. साऱ्या जगाने एकाच क्षणी त्याचे नाव घेतले, तसा तो तेजाने न्हाऊन हवेत तरंगू लागला. आमच्या कीर्तनकारबुवांनी नामस्मरणाचा महिमा याहून वेगळा काय सांगितला असता? २००८ साली २७ ग्रह चोरीला गेले आणि होडी ओढून काठाला लावावी तशी पृथ्वी पुन्हा जागेवर आणली गेली. २०१४ साली चंद्र हे एक अंडे निघाले. मी हे सगळे चकलीबरोबर चवीने पाहिले. अचाटपणाने कुणाचे पोट बिघडत नाही.

माझी तक्रार निराळी आहे.

२००५ सालचा 'फादर्स डे' हा भाग घ्या. रोज नावाच्या मुलीचा बाप ती तान्ही असताना, १९८७ साली, मोटारीखाली सापडून गेला. डॉक्टरबरोबर ती त्या दिवशी परत जाते आणि न राहवून बापाला बाजूला ढकलते. काळाची वीण उसवते, आकाशातून पंखवाले राक्षस उतरतात. ते राक्षस आता मला धड आठवतही नाहीत. आठवतो तो बाप. सामान्य, धंद्यात अपेशी, जरासा थापाड्या. आपण जगलो म्हणून हे सारे घडते आहे, हे त्याला कुणीही न सांगता उमगते. मग तो आपल्या पायांनी त्या मोटारीपुढे जातो, आणि त्याचा शेवटचा श्वास जाईपर्यंत लेक त्याचा हात धरून बसते. अख्ख्या विश्वाची किंमत तिथे मला कळली, कारण ती एका माणसाने चुकती केली होती.

आणि हे डेव्हिसला स्वतःला साधत नाही असे नव्हे. त्या २७ ग्रहांच्या गोंधळात शेवटी मनाला लागते ते एवढेच, की डोना या त्याच्या सोबतिणीचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरला तिच्या आठवणी पुसाव्या लागतात. ती टेलिफोनवर गप्पा मारत असते. समोरचा हा माणूस कोण, तिला ठाऊक नसते. तिचा म्हातारा आजोबा म्हणतो, तिच्या वतीने रोज रात्री मीच आकाशाकडे पाहीन. पण २०२३ साली, पंधरा वर्षांनी, डोनाला सारे आठवते आणि तिला काही होत नाही! त्याच वर्षी डॉक्टरही नवा देह घेतो, पण जुना देहही तसाच राहतो. तो अंगणात जेवायला बसतो. १९६६ साली पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली म्हणून ही देह बदलण्याची युक्ती निघाली होती; तिच्यात एकाला निरोप दिल्यावाचून दुसरा येत नसे. २०२४ साली तर विश्वातला सारा जीव धूळ झाला आणि पाऊण तासात परतही आला. मला सुतकही लागले नाही.

उलट २०१८ चा फाळणीवरचा भाग पाहा. विनय पटेल यांनी लिहिलेला. १९४७ चा पंजाब; हिंदू नवरदेव, मुसलमान नवरी. राक्षस वाटतात ते परग्रहवासी तिथे एकाकी मरणाऱ्यांची नोंद घ्यायला आलेले आहेत. घात होतो तो नवरदेवाच्या सख्ख्या भावाकडून. आणि काळावर हुकमत असलेली डॉक्टर पाठ फिरवून चालू लागते. तिथे काही परत येत नाही.

हे सगळे मी पुतण्याला ऐकवले. तो माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. 'फादर्स डे' आम्ही दोघांनी मिळून तीनदा पाहिला आहे, आणि तीनही वेळा शेवटी पाणी प्यायला आत गेलो तो मीच.

माझे बोलणे संपेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "काका, तुमचे सगळे बरोबर आहे. पण इतक्या वर्षांत एकदा एक माणूस परत आले, तर तुमचे काय बिघडले?"

मी चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली.