आधी इंजिन, मग ॲव्हरेज

"भाऊ, कितलं ॲव्हरेज देस?" सुरतच्या लिंबायतमध्ये जुनी गाडी बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. माणूस बहुधा खानदेशातला, लूमवर राबून पैसा साठवलेला. गावी जायला घरची गाडी असावी एवढीच त्याची इच्छा. त्याला मी सांगतो, दादा, आधी इंजिन कोणतं ते बघू.

जुनी स्विफ्टच घ्या. २००५ ते २०११ची गाडी बाहेरून सारखीच दिसते, पण बॉनेटखाली तीनपैकी कोणतंही इंजिन निघू शकतं. सुरुवातीचं पेट्रोल १२९८ सीसीचं. २००७मध्ये फियाटच्या तंत्रावरचं १२४८ सीसीचं डिझेल आलं. १ एप्रिल २०१०पासून सुरतेसह १३ शहरांत प्रदूषणाचं बीएस-४ मानक लागू झालं आणि त्याच वर्षी ११९७ सीसीचं नवं पेट्रोल इंजिन आलं. डिकीवरच्या बिल्ल्यावर मी कधीच विसंबत नाही, तो बाजारात सुटा मिळतो. आरसीवरची सीसी वाचायची, मग ब्लॉकवर ठोकलेला नंबर फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघायचा. जी१३बी, डी१३ए की के१२एम, हे पहिल्या अक्षरांतच कळतं. पुढचे आकडे आरसीशी जुळले नाहीत आणि इंजिन बदलल्याची आरटीओत नोंदही नसेल, तर सौदा तिथेच सोडावा. इथे मी कुणाची भीड धरत नाही. गिऱ्हाइकाची वर्षांची कमाई पणाला लागलेली असते.

इंजिन कळलं तरी कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा लगेच लावता येत नाही. २०११च्या नव्या स्विफ्टमध्येही के१२एमच होतं, पण बॉडी नवी, वजन कमी आणि इंजिनाला व्हीव्हीटीची, म्हणजे झडपांची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची, जोड. तिचा प्रमाणित आकडा लिटरला १८.६ किलोमीटर. विकणारे तोच आकडा सर्रास आधीच्या गाडीलाही चिकटवतात. आकडा इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स या साऱ्यांचा मिळून असतो.

शिवाय तो निघतो प्रयोगशाळेत. पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या घेणारी जुनी, १९६६ची संस्था. गाडी रोलरवर, एसी बंद, चाचणी ११८० सेकंदांची आणि वेग जास्तीत जास्त ताशी ९०. त्यात ना लिंबायतच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यातली गर्दी, ना धुळ्याच्या वाटेवरचा कोंडाईबारी घाट. तरीही मला हा आकडा मोलाचा वाटतो. सगळ्या गाड्यांना कसोटी एकच, म्हणून दोन गाड्यांची तुलना तरी खरी होते.

तुमच्या हातात गाडी किती देईल, हे मात्र टाकीच सांगते. टाकी फुल करा, किलोमीटर टिपा, दोनतीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. पण हे गाडी घेतल्यानंतरचं. त्याआधी, बयाणा देण्यापूर्वी, बॉनेट उघडून नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.