चौकातला उजेड

वाड्यातलं लग्न टिपायचं असेल तर मी आदल्या दिवशीच जाते. नवरा-नवरीची ओळख आधी झालेली असते. ही भेट वाड्याची असते. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरायचं, देवडीतल्या गार अंधारात थोडं थांबायचं, आणि डोळे सरावले की चौकाकडे पाहायचं. ऊन किती वाजता कुठल्या खांबावर असतं, ओसरीच्या कितव्या पायरीपर्यंत उतरतं आणि कधी उठून जातं, एवढं वहीत लिहून घेतलं की मला रात्री झोप लागते.

हा वाडा वाईजवळच्या एका गावातला. त्या बाजूला कृष्णाकाठी वाडे बरेच. मेणवलीचा नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा तर सगळ्यांच्या ओळखीचा. लग्नाआधीचे फोटो काढायला तिथल्या घाटावर जोडपी येतात आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर इकडे आलेल्या पोर्तुगीज घंटेपाशी उभी राहतात. मीही तिथे पुष्कळ फोटो काढले आहेत. पण घाट सगळ्यांचा असतो. घरातल्या मुलीचं लग्न घराच्या चौकात लागतं, तेव्हा खुंट्या, कोनाडे, झिजलेले उंबरेसुद्धा तिचे नातलग असतात आणि फोटोत त्यांना जागा द्यावी लागते.

इथे एरवी फक्त आक्का राहतात, खालच्या दोन खोल्यांत. वाटेकरी पुण्यामुंबईला. लग्नासाठी म्हणून माडीसकट सगळी कुलपं निघाली होती, पोरं जिन्यावरून धडधडत होती, आणि चुन्याच्या भिंतींना कित्येक वर्षांनी माणसांचा वास लागला होता.

बाहेरून हा वाडा गावाकडे पाठ करून बसलेला. खाली काळ्या दगडाची जाड भिंत, वर विटा, खिडक्या अगदी मोजक्या. उजेड येतो तो वरून, चौकातून, आणि मग ओसरीतून माजघरात, माजघरातून देवघरात असा थकत थकत आत जातो. कॅमेरा या शब्दाचा लॅटिनमध्ये अर्थच खोली. अंधारी खोली आणि तिला आभाळाकडे उघडणारी एक जागा. १८३५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात लेकॉक ॲबी या आपल्या वडिलोपार्जित घरात हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी टपालाच्या तिकिटाएवढ्या कागदावर एका जाळीदार खिडकीची छबी धरली. तिची दोनशेच्या आसपास तावदानं भिंगातून मोजता येत होती, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आपल्या कलेच्या अगदी सुरुवातीला एक जुनं घर आणि त्याची खिडकी आहे, हे मला फार जवळचं वाटतं. देवडीत उभी राहिले की वाटतं, आपण एका मोठ्या कॅमेऱ्याच्या आत छोटा कॅमेरा घेऊन आलो आहोत.

म्हणून मांडववाल्याला आधीच सांगितलं होतं, चौकावर कापड ताणू नका. जांभळे दिवेही लावू दिले नाहीत. नवरीच्या काकांना ते जरा ओकंबोकं वाटलं, पण आक्का म्हणाल्या, "राहू दे तसंच. आमच्या वेळी कुठे होते दिवे?"

मुहूर्त गोरज. दिवेलागणीच्या आधी नवरी देवघरात गौरीहरापाशी बसली. पिवळी अष्टपुत्री, कपाळाला मुंडावळ्या, समोर अन्नपूर्णा. एकेक चिमूट अक्षता वाहत होती. दारातून आलेला चौकातला उजेड समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडून तिच्या गालावर परतत होता. तूप कढवताना त्याला जो रंग येतो, तो. मी फ्लॅशची पिशवी उघडलीसुद्धा नाही. बाहेर वाजंत्री, वऱ्हाडाचा गलका, कुणीतरी मामाला हाका मारतंय. आणि आत तांदूळ पडल्याचा आवाज ऐकू येत होता. दहा मिनिटांत मी पाचच फोटो काढले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि उजेड कडव्याकडव्याला उतरू लागला. आयएसओ ८०० वरून ३२०० वर नेला. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपल्या तर अक्षता हवेत दाणा न् दाणा थांबतात. साठाव्या भागात त्यांच्या रेघा होतात. त्या वेळी पाचशेवा भाग परवडणारा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला रेघाच आवडतात. पाऊस कुणी दाणे मोजून पाहत नाही. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट उत्तरेकडे ओढला गेला, आणि तुळशीवृंदावनाच्या वर उरलेल्या चौकोनी निळ्या आभाळाखाली दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पंगती उठल्यावर आक्कांनी मला बोलावलं. हातात एक पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो होता. त्यांच्या लग्नाचा, याच चौकातला, १९६१ चा. साताऱ्याहून फोटोवाला आला होता, तिकाटण्यावरचा पेटीसारखा कॅमेरा आणि काळं कापड घेऊन. "हलू नका म्हणाला, आणि मी नेमकी हलले," त्या म्हणाल्या. खरंच, नवरीचा चेहरा धुरासारखा होता. पण तिच्या मागचा सुरूचा खांब, त्याच्यावरचं कोरीव पान न् पान, अजून स्वच्छ दिसत होतं.

"आक्का, तिथंच उभ्या राहा, तुमचा काढते."

"माझा नको गं. त्याचा काढ. पुढच्या साली वाटण्या आहेत."

समई तळखड्यापाशी आणून ठेवली. कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि सेकंदाचा आठवा भाग लावला. खांब तर हलणार नव्हता. कळ दाबण्याआधी सवयीने मी बाजूला पाहिलं. चौकटीच्या बाहेर, अंधारात, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन आक्का श्वास रोखून उभ्या होत्या.