पानातली भाकरी

गेल्या वर्षी जुलैत मी प्रथम वर्षाच्या वर्गात पाऊल टाकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली! यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव. शिवारात पळस उदंड. सहाच्या एस.टी.साठी आई पळसाच्या पानांत भाकरी बांधून देई. स्टँडवर उतरताच मी ती पाने फेकून देई आणि भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबी. पाने पाहून मैत्रिणींनी चौकशी केली असती, तर आई पत्रावळी लावते हेही कळले असते. पावसाळी हवेत दुपारपर्यंत पिशवीला आतून घाम सुटे, भाकरी चिकट होई. मी मुकाट्याने खाई.

खरे तर माझी फी त्या पत्रावळींतूनच भरली होती. थर्माकोलच्या ताटल्या आल्या तेव्हा आईचे गिऱ्हाईक तुटले. २०१८ साली महाराष्ट्रात त्यांच्यावर बंदी आली, तेव्हा थोडेफार परतले.

गणपतीनंतर कॉलेजात शास्त्र शाखेच्या सरांचे व्याख्यान झाले. विषय होता, मातीत कुजून जाणारी अन्नाची वेष्टने. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान काढतात. ते सौम्य आम्लात विरघळवून पातळ पसरले, वाळवले, की पापुद्रा तयार होतो. तो जंतूंची वाढ रोखतो. त्यात लवंगेचे तेल मिसळले, तर बुरशीलाही आवर बसतो.

रात्री आईला हे सांगितले. हातातली काडी तशीच धरून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण माय, लवंगीचा वास अन्नाले नाई लागत का? शिऱ्याले चालन, दह्या-भाकरीले कसा चालन?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. ते थबकले. "हीच तर अडचण आहे. तेल कमी पडले तर बुरशी आवरत नाही, जास्त झाले तर चव बिघडते. तुला हे कसे सुचले?"

मैत्रिणी मागेच उभ्या होत्या. 'कुठेतरी वाचले' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मला नाही सर, माझ्या आईला सुचले. ती पत्रावळी लावते."

त्यानंतर भाकरी पानातच राहिली. पान काही दुकानातल्या वेष्टनासारखे टिकत नाही. वाळले की चुरा होते. पण घर ते कॉलेज एवढ्या वाटेला ते पुरते.

परवा एका मैत्रिणीने हळूच विचारले, "तुझी आई शेकडा काय भावाने देते गं? ताईचं लग्न आहे."

(द्वितीय वर्ष, कला)