सडपातळ पोराचं पोट

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे, माहेर नांदेडचं. दहावी झाली की नांदेड, परभणी, बीडकडची पोरं नीटच्या क्लासला इकडं येतात. सकाळचा डबा बऱ्याचदा तसाच परत येतो. वरण संपलेलं, अंबाडीची भाजी नुसती उकरलेली आणि भाकरीला हातही लावलेला नाही. मग पाच वाजता क्लास सुटला की क्रीमची बिस्किटं, चिप्सचे पुडे, वर कोल्ड्रिंक. रात्री कपातले नूडल्स. शाळेपासून ५० मीटरच्या आत असला माल विकू नये, असा नियम २०२० साली झाला. आमच्या गल्लीत शाळा नाही, क्लासच क्लास आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका पोराला चक्कर आली. दवाखान्यात मीच घेऊन गेले. तुराटीसारखा पोरगा, वजन अगदी तक्त्याप्रमाणं. रिपोर्ट आला तर ट्रायग्लिसराइड वाढलेले, चांगलं कोलेस्टेरॉल कमी, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. मुखेडकडून त्याची आई धावत आली. म्हणाली, "अहो डॉक्टर, याच्या अंगावर मांस नाही, चरबी कुठली?"

डॉक्टर म्हणाले, "ताई, मांस नाही हीच तर अडचण आहे." आपल्याकडं स्नायू कमी आणि चरबी पोटाच्या आत, असा बांधा पुष्कळांचा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली, तर कमी वजनाच्या बाळांतही चरबीचा वाटा मोठा. २००४ मध्ये ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका फोटोत शेजारी-शेजारी झळकले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. अशा बांध्यात मैदा, साखर नि तेल रोज पडलं आणि दिवस बाकावर बसून गेला, की जास्तीच्या साखरेची लिव्हर चरबी करतं. ती रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांत चरबीचे पट्टे लहानपणापासूनच दिसू लागतात, त्रास पुढं चाळिशीत होतो.

डॉक्टरांनी दोरा मागवला. पोराच्या उंचीएवढा कापला, दुमडून अर्धा केला आणि कमरेभोवती धरला. टोकं जुळली नाहीत, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त.

मेसमध्ये मी सगळ्यांनाच उभं केलं. काहींनी पोट आत ओढलं, त्यांना श्वास सोडायला लावला. जाड्या पोरांचं जे झालं ते अपेक्षितच होतं. पण शर्ट ढगळ होणाऱ्या दोघा-तिघांचाही दोरा अपुरा पडला.

तेव्हापासून पाच वाजता मी सुसला, उकडलेल्या शेंगा नाहीतर धपाटे ठेवते. पुड्यांची गिऱ्हाइकी त्या एका तासातच होते, हे मला दिसत होतं. सगळी पोरं येत नाहीत, पण बरीच येतात.

अडचण आयांची आहे. रविवारी भेटायला येताना त्या स्वतःच पिशवीभर पुडे आणतात. "लई वाळलाय, खाऊ द्या, अंगाला लागंल," म्हणतात. बायांनो, पुढच्या खेपेला घरच्या शेंगदाण्याचे लाडू आणा. आणि पोरगं बारीक दिसत असलं तरी एकदा दोरा लावून बघा. टोकं जुळली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.